मुंबईच्या जुन्या मृत्यू-नोंदवह्या लोकांसाठी उघडा

महाराष्ट्रात कुलवृत्तांत छापण्याची परंपरा शंभर वर्षांची तरी आहे. मूळ पुरुष कोण, तो कोकणातल्या कुठल्या गावचा, कुठली शाखा देशावर गेली, कुठली इंदूर-बडोद्याला, हे सगळं त्यात पिढीवार मांडलेलं असतं. ही पुस्तकं ज्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ती कोणत्या घरांची आहेत हेही पाहायला हवं. ज्यांच्याकडे वतन होतं, सनद होती, लिहिता-वाचता येत होतं, त्यांची. गिरणीत बदली कामगार म्हणून राबलेल्या माणसाचा, गोदीत पोती वाहणाऱ्याचा, चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचा, रस्ते झाडणाऱ्याचा कुलवृत्तांत कुणी छापला नाही. गिरण्या गेल्या तशी त्यांची हजेरीपुस्तकंही बहुतेक गेली. यांतल्या पुष्कळांचं नाव सरकारी कागदावर आलं असेल तर बहुधा एकदाच, आणि तेही मेल्यावर.

तो कागद म्हणजे मुंबईची मृत्यू-नोंदवही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या शहरात मेलेल्या माणसाची नोंद ठेवण्याची व्यवस्था आहे. या नोंदी मुळात कुणाच्या वंशावळीसाठी ठेवल्या गेल्या नाहीत. साथ कुठे सुरू झाली, कुठल्या वस्तीत माणसं जास्त मरताहेत हे आरोग्य खात्याला कळावं म्हणून त्या ठेवल्या गेल्या. पण त्यामुळेच त्यांत सावकार आणि हमाल एकाच रकान्यात आले. नाव, वय, पत्ता, कारण. माझं म्हणणं सरळ आहे: पन्नास वर्षांपेक्षा जुन्या सगळ्या मृत्यू-नोंदवह्या, आणि त्यांच्याबरोबर पालिकेच्या स्मशानभूमींच्या आणि दफनभूमींच्या वह्या, वॉर्डांच्या कपाटांतून बाहेर काढून एका अभिलेखागारात ठेवाव्यात, त्यांची छायाचित्रं काढावीत आणि नावावरून शोधता येईल अशी सूची कुणालाही पाहता येईल अशी ठेवावी.

आज काय होतं ते सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मधलं कलम १७ कोणत्याही व्यक्तीला नोंदवहीत शोध घ्यायला लावण्याचा हक्क देतं. नातं सिद्ध करा, कारण सांगा, असं ते कलम म्हणत नाही. फी भरायची, निबंधकाने शोध घ्यायचा. मृत्यूचं कारण मात्र उताऱ्यात कळवायचं नाही, एवढीच मर्यादा त्यात घातलेली होती. प्रत्यक्षात खिडकीवर पहिला प्रश्न येतो तो ‘कशासाठी हवंय?’ वारसनोंद, विमा, खोली नावावर करणं, जातपडताळणी ही उत्तरं तिथे चालतात. ‘पणजोबा कधी गेले ते बघायचंय’ हे उत्तर चालत नाही. मला एका कार्यालयात अगदी सौजन्याने सांगण्यात आलं, की अशा हौशीसाठी माणूस मोकळा नाही. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे चालू मृत्यूंचे दाखले मागणारी रांग होती आणि त्या रांगेतल्यांची निकड माझ्यापेक्षा मोठी होती. म्हणूनच जुन्या वह्या त्याच्या टेबलापासून दूर गेल्या पाहिजेत. चालू नोंदणीचं काम आणि इतिहासाचं काम एकाच माणसाकडे दिलं की दुसरं काम होतच नाही.

दुसरी अडचण जागेची. मृत्यू जिथे घडला त्या वॉर्डात नोंद होते, माणूस जिथे राहत होता तिथे नाही. भायखळ्याच्या चाळीतला माणूस परळला केईएम इस्पितळात वारला तर नोंद एफ दक्षिण वॉर्डात. परळचा माणूस जेजे इस्पितळात वारला तर ई वॉर्डात. घरच्यांना साल आठवतं, इस्पितळ आठवेलच असं नाही. शिवाय ज्या शहराला आपण आज मुंबई म्हणतो ते तेव्हा एवढं नव्हतंच. पालिकेची हद्द १९५० मध्ये उपनगरांत सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. १९४० साली वांद्र्यात वारलेल्या माणसाची नोंद मुंबई पालिकेच्या वहीत शोधत बसणारा हात हलवत परत येणार, कारण वांद्र्याची नगरपालिका तेव्हा वेगळी होती. मालाड, बोरिवली, भांडुप इकडची तर गावंच. या सगळ्या जुन्या कारभारांचे कागद आज कुठल्या दप्तरात आहेत याची लोकांना वाचता येईल अशी एक साधी यादीसुद्धा पालिकेने केली तर निम्मी वणवण वाचेल.

आणि चाकरमान्यांचा प्रश्न तर त्याहून पुढचा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर इथून आलेला माणूस आजार बळावला की गावी जायचा. तीस-चाळीस वर्षं मुंबईत काढलेल्या माणसाचा मृत्यू मुंबईच्या वहीत नाहीच; तो गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये. साथीतही हेच झालं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून पळाली. जी वाटेत, गावात मेली ती मुंबईच्या आकड्यांत नाहीत. मुंबईतल्या घराण्याचा शोध घेणाऱ्याने म्हणून दोन्ही वह्या मागायच्या असतात, आणि त्या दोन वेगवेगळ्या खात्यांच्या ताब्यात असतात.

आता घरच्यांकडे काय असतं ते पाहा. बहुतेक हिंदू घरांत मृत्यूची तारीख नसते, तिथी असते. तीही पुरी असेलच असं नाही. वर्षश्राद्ध बंद पडलं आणि नुसतं पितृपक्षातलं उरलं की महिना आणि पक्ष दोन्ही पुसले जातात. ‘आजोबांची पंचमी’ एवढंच राहतं. ती शुद्ध पंचमी असेल, वद्य असेल, आषाढातली असेल, माघातली असेल. म्हणजे एका वर्षात चोवीस शक्यता, आणि साल नक्की नसेल तर त्यांना हव्या तितक्या वर्षांनी गुणायचं. काही तिथ्या मात्र वेगळीच गोष्ट सांगतात. घरात एखाद्याचं श्राद्ध चतुर्दशीला होत असेल तर तो माणूस अपघातात किंवा शस्त्राने गेला असण्याचा संभव मोठा. गिरणीत पट्ट्यात सापडला असेल, दंगलीत मेला असेल, १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात गेला असेल. एखाद्या बाईचं अविधवा नवमीला होत असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली, हे नक्की. ही माहिती अमोल आहे, पण तिच्यावरून सरकारी शोधाचा अर्ज भरता येत नाही. तिथे दिनांक लागतो. नावावरून सूची असेल तर दिनांकाचं अडणारच नाही. नाव शोधा, दिसणाऱ्या तारखांच्या तिथ्या जुन्या पंचांगात पाहा, पंचमी जुळली की माणूस सापडला. आपल्या घरांनी शंभर वर्षं जपलेली आठवण कामी येईल ती फक्त अशा सूचीमुळेच.

सूचीशिवाय बायकांचं तर काहीच हाती लागत नाही. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलायची रीत होती. वहीत ‘पार्वतीबाई भ्रतार गणू’ अशी नोंद असते. ही पार्वती माहेरची कोण, कुणाची लेक, कुठल्या गावची, काही नाही. कुलवृत्तांतांत तर मुली कोऱ्याच; ‘कन्या दोन’ एवढ्यावर भागवलेलं मी पाहिलं आहे. माझ्या आईच्या आजीचं माहेरचं नाव आमच्या घरात आज एकाही माणसाला ठाऊक नाही. पण मृत्यू-नोंदीत वय आणि पत्ता असतो. वयावरून जन्मसाल, पत्त्यावरून चाळ, चाळीवरून गाववाले, असं मागे जाता येतं. एका चाळीत एकाच गावची माणसं एकत्र राहत, एका खोलीत गावकरी मंडळ असे, हे गिरणगाव माहीत असलेल्याला सांगायला नको. एक पत्ता सापडला तर गाव सापडतं, आणि गाव सापडलं तर कोतवाल बुक मागता येतं.

पुरुषांच्या नावांतही अडचणी आहेतच. ‘भाऊ सखाराम’, ‘गणू रामा’ अशी आडनावाशिवायची नावं, कारकुनाला ऐकू आली तशी लिहिलेली. वय तर अंदाजपंचे, पंचवीस, तीस, चाळीस असं पाचाच्या पाढ्यात. तान्ह्या मुलांना नावही नसे. १९२१ साली मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ६६७ बालमृत्यू झाल्याचा आकडा इतिहासकार नेहमी देतात. तो भयंकर आहेच, पण तो वाचायलाही शिकावं लागतं: बाळंतपणाला बाई गावी जायची, जन्म गावच्या वहीत पडायचा, मूल घेऊन ती खोलीवर परत यायची आणि मृत्यू मुंबईच्या वहीत पडायचा. आकडा फुगलेला आहे, पण मुलं मेली ती खरीच. आपल्या आजी-पणजीची किती मुलं गेली हे बहुतेक घरांत कुणी मोठ्याने बोललंच नाही. ते जिथे लिहिलेलं आहे ती जागा एकच.

दफनाची गोष्ट निघाली की लोकांना वाटतं हा ख्रिस्ती-मुसलमानांचा विषय. तसं नाही. लिंगायत आणि गोसावी पुरतात, लहान मुलं तर बहुतेक सगळे हिंदू पुरत. पण थडगं म्हणजे माहिती मिळालीच, हाही गैरसमज आहे. मुंबईत जमीन अपुरी. कबर काही काळाने पुन्हा वापरली जाते. कॅथलिकांत अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि कोनाडाही ज्याला परवडेल त्याचा. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी तेव्हाचे पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६७ मध्ये सुरू केली. तिथे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि गेटवेचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांची थडगी आहेत. त्याच मातीत वर्षानुवर्षं पुरलेल्या साध्या ख्रिस्ती माणसांच्या नावाचा दगड मात्र क्वचितच उरतो. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक कुटुंबांना आपल्या पॅरिशच्या (चर्चच्या) वहीचा मोठा आधार, बाप्तिस्मा-लग्न-दफन तिन्ही तिच्यात. पण ती दाखवायची की नाही हे तिथल्या धर्मगुरूंच्या मर्जीवर. मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान जुम्मा मशिदीच्या ट्रस्टकडे, पारशांच्या अंत्यविधीची जागा डुंगरवाडी पारसी पंचायतीकडे, वरळीत मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंची दफनभूमी त्यांच्या समाजाकडे. आणि ज्यांचं दहन झालं त्यांचं तर काहीच उरत नाही. चंदनवाडी, भोईवाडा, शिवाजी पार्क इथल्या वहीतली ओळ, एवढंच. जगन्नाथ शंकरशेट सोनापूरच्या स्मशानासाठी भांडले ते माणसाला आपल्या वस्तीजवळ अग्नी मिळावा म्हणून. त्या स्मशानांच्या वह्याही शहराच्या मालमत्तेइतक्याच जपायला हव्यात. खासगी न्यासांच्या वह्यांवर सरकारने हात टाकावा असं मी म्हणत नाही. पण पालिकेची स्वतःची वही उघडली तर धर्म कुठलाही असो, सगळ्यांची एक समान जागा तयार होते. बाकीच्या वह्या मग पूरक ठरतात.

हे सगळं कुणासाठी शक्य आहे आणि कुणासाठी नाही, याचा एक दाखला मला फार बोचतो. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या काळात मुंबई इलाख्यातल्या इंग्रज आणि युरोपियन माणसांच्या दफनांच्या याद्यांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कुलाब्यात १८५० साली तापाने गेलेल्या एखाद्या इंग्रज शिपायाच्या बाळाची नोंद त्याच्या खापरपणतूला तिकडे बसून सापडते. त्याच साली गिरगावात गेलेल्या मराठी बाळाची सापडत नाही. यात इंग्रजांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. त्यांनी आपली माणसं लिहून ठेवली आणि शोधायला सोपी केली. आपण पाऊणशे वर्षं स्वतंत्र आहोत. आपली माणसं शोधायला सोपी करणं हे आता आपलं काम आहे.

कोकणातल्या घरांनी एक गोष्ट मात्र आजच करून पाहावी. ‘बोटीवर गेला तो आलाच नाही’ अशी आठवण रत्नागिरीकडे कितीतरी घरांत आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशी सदनात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मरणवह्यांत आहेत. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने ही नावं कुणालाही फुकट शोधता येतील अशी ठेवली आहेत. आगवाल्याचं नाव आणि अधिकाऱ्याचं नाव एकाच पद्धतीने सापडतं. सूची म्हणजे काय असावी, याचा नमुना समोर आहे.

‘एवढं काम होणार कसं’ असं विचारणाऱ्यांना २०२३ ची आठवण द्यायला हवी. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. काही महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतून जुनी दप्तरं निघाली, कोतवाल बुकं निघाली, मोडी वाचणारी माणसं शोधून आणली गेली, पानांची छायाचित्रं काढली गेली, लाखो नोंदी सापडल्याचं सांगितलं गेलं आणि त्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं मत काहीही असो, एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली: जन्म-मृत्यूचे जुने कागद आहेत, वाचता येतात, आणि सरकारने मनावर घेतलं तर ते महिन्यांत लोकांपुढे येतात. आंदोलन झालं तरच दप्तर उघडायचं, असा मग अर्थ घ्यायचा का?

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. पहिला खासगीपणाचा. आत्महत्या, गुप्तरोग, गर्भपातातला मृत्यू, अशी कारणं वहीत असतात आणि घरच्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या झाकलेली असतात. म्हणून नावाची सूची आणि मृत्यूचं कारण वेगळं ठेवावं. स्कॉटलंडमध्ये मृत्यूच्या मूळ नोंदींची पानं पन्नास वर्षांनी सर्वांना पाहता येतात. आपण नाव, वय, तारीख, जागा पन्नास वर्षांनी आणि कारण शंभर वर्षांनी खुलं करावं. जुन्या नोंदींतले जातीचे उल्लेख सूचीत घेऊ नयेत.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा, म्हणजे मेलेल्याच्या नावावर जागा लाटण्याचा. मला तर उलटच वाटतं. बंद कपाटातल्या वहीत शाई बदलणं सोपं असतं. ज्या पानाचं छायाचित्र हजारो लोकांकडे आहे त्यात खाडाखोड करून दाखवा. उशिरा केलेल्या जन्म-मृत्यू नोंदींबद्दल संशय आल्यावर राज्य सरकारने २०२५ मध्ये नियम कडक केले. पण नवी नोंद घालणं आणि शंभर वर्षांपूर्वी घातलेली नोंद वाचणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या धाकाने दुसरीचं दार लावू नये.

तिसरी भीती खोल आहे. कागदपत्रांवरून नागरिकत्व, जात, मूळ यांची झडती घेण्याचे दिवस आहेत. जुनी वही उघडली तर ती कुणाविरुद्ध वापरली जाईल? ही भीती मी हलकी मानत नाही. पण आज वही बंद आहे तेव्हा ती फक्त सरकारला आणि ओळखपाळख असलेल्याला वाचता येते. महाराष्ट्रात जातीचा दाखला मागणाऱ्या अनुसूचित जातीच्या माणसाला १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा आणायला सांगतात. पुरावा मागणारं सरकार आणि पुराव्याचं कपाट सांभाळणारं सरकार एकच. कपाट उघडलं तर निदान त्या माणसाला दलालाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. आणि शोधून काही मिळालं नाही तर ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’ हातात पडतं. ते देण्याआधी कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतच्या, कुठल्या वॉर्डाच्या वह्या पाहिल्या आणि कुठल्या वह्या मुळात उरल्याच नाहीत, हे त्यावर लिहिण्याची सक्ती असावी. नोंद नसणं आणि वही नसणं यांतला फरक माणसाला कळला पाहिजे.

वेळ फार नाही. मुंबईची हवा, वाळवी, गळकी छपरं यांनी कागदाचं काय होतं हे कुठल्याही जुन्या कार्यालयात पाहता येतं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा फायली कशा गेल्या तेही आपण पाहिलं. राज्याचं पुराभिलेख संचालनालय काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मोडीचे वर्ग घेणारी, जुना कागद हाताळायला शिकलेली माणसं त्याच्याकडे आहेत. पालिकेकडे पैसा आहे. २०२५-२६ चं तिचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. दोघांनी करार करावा, आणि मुंबई विद्यापीठाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन सूचीच्या कामाला लावावं.

सुरुवात १९१८ पासून करावी असं मी सुचवतो. त्या वर्षी इन्फ्लुएन्झाच्या दुसऱ्या लाटेत ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. हा आकडा ग्रंथांत येतो, लेखांत येतो, करोनाच्या काळात तर वारंवार आला. त्या ७६८ माणसांची नावं मी कुठेही छापलेली पाहिली नाहीत. शहर तेव्हा लहान होतं, ए पासून जी पर्यंत वॉर्ड. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९१८ च्या त्या वॉर्डांच्या जेवढ्या वह्या आज शिल्लक आहेत तेवढ्या आधी काढाव्यात, त्यांतली नावं वॉर्डवार लोकांपुढे ठेवावीत, आणि ज्या हरवल्या आहेत त्यांचीही यादी तिथेच लावावी.